तीन कोटेशनांचा हिवाळा

सुहास आज सकाळी आणखी एक कॅरव्हान पार्क बघायला गेला आहे. आम्ही अमिरातीतल्या खोर फक्कानच्या या पार्कात येऊन, सामान लावून बसलो आहोत. मुक्कामाचे सगळे पैसे भरून झाले आहेत, माझ्या लोणच्याच्या बरण्या कॅरव्हानच्या इवल्याशा फडताळात गेल्या आहेत, आणि माझा नवरा लेकीला गाडी काढायला लावून डोंगरापलीकडचं दुसरं पार्क बघायला गेला आहे. जाताना म्हणाला, "नुसतं बघून येतो." नुसतं बघणं सुहासच्या स्वभावातच नाही. त्यानं आजवर जे काही बघितलं, ते कशाशी तरी ताडून बघितलं.

मी बाहेर घडीच्या खुर्चीवर बसले आहे. समोर समुद्र आहे, उजव्या हाताला बंदराच्या उंच क्रेन आहेत आणि पाठीशी ते उघडेबोडके तपकिरी डोंगर. मधूनच एखादा कंटेनर दुसऱ्यावर टेकतो आणि मोठं कपाट पडल्यासारखा आवाज येतो. चहा गार झाला आहे, कारण इथल्या वाऱ्याला कपात तोंड घालायची सवय आहे. चिडायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही, आणि मी ती वाया घालवत नाहीये.

इथल्या हिवाळ्याला हिवाळा म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. स्वेटर लागतो तो एखाद्या पहाटे, तोही वाऱ्यापुरता. पण ज्यानं इथला ऑगस्ट काढला आहे, गाडीच्या दाराला हात लावून चटका खाल्ला आहे, नळाचं गार पाणी म्हणजे काय हे विसरून गेला आहे, त्याला विचारावं. आम्ही अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत राहत होतो तेव्हा हिवाळा मला कानांनी कळायचा. एखाद्या संध्याकाळी एसी बंद करावासा वाटे. बंद केला की घर इतकं शांत होई की आधी काहीतरी बिघडलंय असंच वाटे. मग हळूहळू एकेक आवाज परत येई. फ्रिजचा, शेजारच्या बाळाच्या रडण्याचा, दूर विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचा. खिडक्या उघडायच्या, चौकटीत साठलेली वाळू ओल्या फडक्यानं काढायची, आणि मशिदीतली संध्याकाळची बांग काचेआडून न येता थेट घरात यायची.

माझा दिवा त्या बांगेवर लागायचा. घड्याळ बघावं लागत नसे. सूर्य मावळला हे ती सांगायची आणि मी ओट्यावरचा हात धुऊन दाराशी निरांजन ठेवायचे. मैत्रेयी, आमची एकुलती एक लेक, लहान असताना तिची ठाम समजूत होती की मशिदीतले काका आईला दिवा लावायची आठवण करून देतात. शाळेत तिनं तसं सांगितलंही होतं. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

तर कोटेशनांचं. सुहासची सगळी नोकरी बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात गेली. पंप, केबल, दारं, बिजागऱ्या. तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय खिळासुद्धा घ्यायचा नाही, हा तिथला नियम. नियम कंपनीचा होता, तो त्यानं घरी आणला. मिक्सर घेताना तीन कोटेशनं, लेकीला शाळेत घालताना तीन शाळा. मी दाढदुखीनं कळवळत होते तेव्हाही यानं तीन दंतवैद्यांना फोन केले. त्याची बहीण अजून मला चिडवते, "वहिनी, तू तिसरी होतीस म्हणून पास झालीस." मी हसते. पण पहिल्या दोघींत काय कमी होतं, ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. सुहासचा करार मार्चमध्ये संपणार होता आणि या वेळी तो वाढणार नव्हता. 'हे आपलं शेवटचं वर्ष' असं आम्ही इथं आल्यापासून दर वर्षी म्हणत होतो. आमच्या ओळखीची सगळीच मराठी घरं म्हणतात. सोफा फाटला की म्हणायचं, राहू दे, शेवटचं वर्ष आहे. पडदे विटले की म्हणायचं, आता कशाला. म्हणून म्हणून त्या वाक्याची धार गेली होती आणि या वेळी नेमकं ते खरं निघालं.

त्यातच आमचे घरमालक अबू सालेम एका संध्याकाळी दारात उभे राहिले. खलिफा सिटीतल्या मोठ्या बंगल्यांचे तुकडे पाडून ते भाड्यानं देतात, त्याला 'पोर्शन' म्हणतात. आमचा पोर्शन मागच्या अंगाचा होता. तिथं मी लावलेलं कढीपत्त्याचं झाड कुंपणाच्या वर गेलं होतं आणि अर्ध्या गल्लीच्या फोडण्या त्याच्यावर चालत. अबू सालेमांच्या पिढीला हिंदी कामापुरती येते. चपला दाराबाहेर काढून, खुर्चीवर न बसता ते म्हणाले, "सुहास, मेरा लडका का शादी है. वो इधर रहेगा. नवंबर के बाद घर मेरे को चाहिए." बोलताना त्यांनाच अवघड झालं होतं. सुहासनं "मबरूक, मबरूक," असं अरबीत अभिनंदन केलं आणि मी आत जाऊन साखर आणली.

चार महिन्यांसाठी घर कोणी देत नाही. शहाण्या माणसानं एखादं सर्व्हिस अपार्टमेंट घेतलं असतं आणि मोकळा झाला असता. सुहासनं ऑफिसात कोणाचे तरी कॅरव्हानमधले फोटो बघितले आणि घरी येऊन म्हणाला, "वीस वर्षं या देशात काढली, बघितलं काय? मॉल. शेवटचा हिवाळा कॅरव्हानमध्ये राहू. समुद्र, डोंगर, जे असेल ते. माझं काम आता बहुतेक घरूनच आहे." खोटं कशाला सांगू, मला ती कल्पना फार आवडली. इतकी आवडली की मी त्याला खजूर घातलेला शिरा करून घातला. ही माझी चूक झाली.

मैत्रेयी तेव्हा पुण्यात शिकत होती, वसतिगृहात राहत होती. तिचा जन्म इथला, शाळा इथली. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओके, बट डिसेंबरमध्ये मी येणार कुठे? लाइक, व्हेअर डू आय कम होम टू?"

सुहास म्हणाला, "अगं, पुणं हेच आता आपलं घर. आम्हीच येतोय तिकडे."

"बाबा, पुणे इज माय हॉस्टेल," ती म्हणाली.

म्हटलं तर प्रश्न एवढाच होता. बापाच्या व्हिसावर तिची ही शेवटची खेप. तिला उतरायला घर हवं होतं. चाकांवरचं असतं तरी चाललं असतं.

पहिलं पार्क हेच. मी आत्ता बसले आहे तेच. नोव्हेंबरच्या एका शनिवारी डोंगरातले बोगदे ओलांडून आम्ही आलो आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर समुद्र दिसला तेव्हा सुहासनं आपोआप गाडी हळू केली. स्वागतकक्षात एक फिलिपिनो मुलगी होती, हसरी. सुहासनं खिशातून मोजपट्टी काढली. नळाचं पाणी चाखून बघितलं, विजेचे बोर्ड उघडून बघितले, सांडपाणी कुठे जातं ते विचारलं, दवाखाना किती लांब ते विचारलं. भाडं तिनं दिरहममध्ये सांगितलं, ते यानं तिच्यासमोर मोठ्यानं रुपयांत केलं आणि 'बाप रे' म्हणाला. ती बिचारी हसतच होती. मी एकच विचारलं, संध्याकाळी छोटा दिवा लावला तर चालेल का, पूजेचा. "इनसाइड नो फायर, मॅम. आउटसाइड, स्मॉल वन, ओके." मला तेवढं पुरे होतं. मी त्याच दिवशी तिथं पिशव्या उतरवल्या असत्या.

मग तिनं सुहासला विचारलं, "सर, फ्रॉम व्हेन? अँड चेक-आउट डेट?"

सुहासनं समुद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "वुई विल गेट बॅक टू यू."

गाडीत मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "पहिलंच आहे. क्रेनचा आवाज ऐकलास ना? अजून दोन बघू."

दुसरं अल ऐनच्या रस्त्याला, आत वाळवंटात. स्थळ बघायला गेल्यासारखा चहा मिळाला आणि त्या चहात वाळू होती. वाळू खुर्चीवर होती, गादीवर होती, साबणावर होती. मी मनातल्या मनात तिथं पोळ्या लाटून बघितल्या आणि दात करकरले. आसपास चार चाकांच्या मोटारसायकली उडवत पोरं फिरत होती, त्यांचा आवाज क्रेनच्या कितीतरी पट. पण संध्याकाळ होत आली तशी ती वाळू गुलाबी पडत गेली, गार पडत गेली, आणि मी चप्पल काढून तिच्यात पाय घातले, हेही सांगायला हवं. तिथले व्यवस्थापक लाहोरचे होते. दिव्याचं विचारल्यावर म्हणाले, "ज़रूर जलाइए बहनजी, हवा बुझा दे तो हमें न कहिएगा." आणि सुहासला, "कब तक रहेंगे भाईसाहब?"

"देखते हैं," सुहास म्हणाला.

तिसऱ्याला आपण पार्क आहोत हे मान्य नव्हतं, ते रिसॉर्ट होतं. डोंगराच्या कुशीत, पांढरे शुभ्र कॅरव्हान, दारात खोटं गवत. तिथं कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. उग्र वासाचा स्वयंपाक करायचा नाही. हिंगाची फोडणी उग्रात येते की नाही हे मी विचारलं नाही, कारण उत्तर ऐकून मी काय बोलले असते याची मलाच खात्री नव्हती. दिव्याचं विचारल्यावर तिथल्या बाईनं खणातून बॅटरीची मेणबत्ती काढून माझ्या हातात ठेवली, बटण दाबून पेटवून दाखवली. सुहासला मात्र तिथली न्हाणीघरं फार आवडली. त्यालाही तोच प्रश्न आला, जायची तारीख काय, आणि त्यानं एसीच्या जाळीकडे बघत सांगितलं की कळवतो.

परतताना मी म्हटलं, "तीन झाली. आता ठरव."

"तिसरं रिसॉर्ट आहे गं. तुलना बरोबरीच्यांत व्हायला हवी. त्यामुळे तसं पाहिलं तर दोनच झाली."

त्यानंतर अबू धाबी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र सगळा वेळ सांडपाण्याबद्दल बोलत होता.

मग चौथं झालं, पाचवं झालं. कुठे झाडं होती तर पाणी मचूळ, कुठे पाणी गोड तर शेजारी उंटांचा गोठा. मध्येच असं निघालं की काही ठिकाणी जागा मिळते, कॅरव्हान आपला आणावा लागतो. मग आम्ही अबू धाबीहून सव्वा तासावरच्या अल क्वोजला गेलो. तिथल्या गोदामांच्या आणि गॅरेजांच्या गल्ल्यांत एका पेशावरच्या खानसाहेबांची कार्यशाळा होती. ते जुने कॅरव्हान दुरुस्त करून भाड्यानं देत. आत नव्या प्लायवूडचा आणि डिंकाचा वास होता, खिडकीला कोणीतरी हौसेनं फुलाफुलांचे पडदे लावले होते. खानसाहेब मला म्हणाले, "भाभी, किचन देखो, दो आदमी के लिए फर्स्ट क्लास." मी म्हटलं, तीन. "तीन भी हो जाएगा, बच्ची ऊपर सोएगी," असं म्हणून त्यांनी वरची फळी खाली ओढून दाखवली. मैत्रेयीचे पाय त्या फळीबाहेर येणार हे मला लगेच दिसलं, आणि मला वाटलं, येऊ देत. तिथं मी माझा कुकर कुठे बसेल ते सुद्धा ठरवून टाकलं.

खानसाहेबांनी विचारलं, "वापस कब करेंगे, साहब?"

सुहास पडद्याचं कापड चिमटीत धरून बघत होता. म्हणाला, "बताता हूँ."

इथंच घोडं पेंड खातंय हे माझ्या तिथं ध्यानात आलं. ज्या माणसानं जन्मभर पुरवठादारांच्या मानगुटीवर बसून तारखा काढल्या, त्याच्या तोंडून स्वतःची एक तारीख निघत नव्हती. पण का निघत नाही, याचा विचार करायला लागतं तेवढं डोकं माझं तेव्हा थंड नव्हतं. मला वाटलं, याला भिजत घोंगडं ठेवायची हौस आहे. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं, खानसाहेबांच्या समोर, मराठीत. खानसाहेब अदबीनं बाहेर गेले.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. नोव्हेंबर संपला. घर रिकामं करून सामान अल क्वोजच्या एका गोदामात टाकलं आणि आम्ही माझ्या मैत्रिणीच्या, वैशालीच्या घरी राहायला गेलो. इथल्या फ्लॅटांत स्वयंपाकघरामागे कामवालीसाठी एक खोली असते, मेड्सरूम. वैशालीनं ती आम्हाला झाडूनपुसून दिली. एक पलंग, इस्त्रीचं टेबल, खिडकी नाही. एवढा हिवाळा बाहेर पसरलेला आणि आम्ही त्या खोलीत पंखा लावून. सुहास पलंगाच्या कडेला बसून लॅपटॉपवर पार्कांची तुलना करायचा आणि मी इस्त्रीच्या टेबलावर घरबसल्या घेतलेली हिशेबाची कामं. वैशालीचं सगळं छान होतं, ती मला भांडंही उचलू देत नसे. पण संध्याकाळी ती तिच्या देव्हाऱ्यात दिवा लावायची, आणि एका घरात दोन दिवे कशाला म्हणून मी लावत नव्हते. बांग ऐकू यायची. हात आपोआप धुतला जायचा, पुसला जायचा. मला सुहासचा इतका राग कधीच आला नव्हता. घर नाही म्हणून नव्हे, असलेली पाच घरं सोडून आपण इथं बसलो आहोत म्हणून.

डिसेंबरच्या शेवटी मैत्रेयी आली. विमान दुपारचं होतं, बाहेर येईपर्यंत उन्हं कलली होती. ती मागच्या सीटवर बसली, खिडकीची काच खाली केली आणि नुसती हवा घेत राहिली. विमानतळावरून वैशालीचं घर डावीकडे, शहरात. आम्ही बोलत होतो, पुण्याचं, परीक्षेचं, तिच्या खोलीतल्या ढेकणांचं. सुहासनं गाडी वळवली, पुलाखालून घेतली, पुन्हा वळवली. मीही बघत होते आणि मलाही काही खटकलं नाही. वीस वर्षांत विमानतळावरून आम्ही दुसरीकडे कुठे गेलोच नव्हतो. गाडी थांबली तेव्हा आम्ही खलिफा सिटीत, आमच्या फाटकासमोर होतो.

आमच्या म्हणजे अबू सालेमांच्या. लग्नघर होतं. पूर्ण बंगल्यावरून, गच्चीपासून कुंपणापर्यंत, दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. इथं लग्न असलं की घर असं उजळतात. अजून पुरतं अंधारलं नव्हतं, तरी माळा लागल्या होत्या. माझ्या कढीपत्त्यालाही कोणीतरी एक माळ गुंडाळली होती. सुहासनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मागून मैत्रेयी हळूच म्हणाली, "बाबा. वुई डोन्ट लिव्ह हिअर." आणि त्याच वेळी बांग सुरू झाली. मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. त्या घरावर असंख्य दिवे होते आणि त्यातला माझा एकही नव्हता.

अबू सालेमांनी आम्हाला बघितलं. काचेवर टकटक केली. "सुहास, गाडी में क्यों बैठा है? यल्ला, अंदर आओ. बच्ची आया?" नको नको म्हणताना अंगणात बसवलं, कावा म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले. नमाज आटोपून ते पुन्हा येऊन बसले आणि त्यांनीही तेच विचारलं. पार्कवाल्यांसारखं नाही, आपुलकीनं. "इंडिया कब जाता है?"

सुहासनं हातातला छोटा कप फिरवला. आणि म्हणाला, "जाने का मन नहीं है, अबू सालेम."

मला काय वाटलं म्हणून सांगू. इतक्या वर्षांचा संसार. पाच पार्कं, एक कार्यशाळा, महिनाभर इस्त्रीचं टेबल. त्यातलं एक अक्षर हा माणूस माझ्याजवळ बोलला नव्हता, आणि घरमालकाला सांगून मोकळा झाला, तेही हिंदीत. आधी राग आला. मग त्याच्या हातातला कप बघितला, कधीचा रिकामा झाला होता आणि तो फिरवतच होता. कोणतंही पार्क त्याला पसंत पडणारच नव्हतं. जागा निवडली की जायची तारीख सांगावी लागणार होती.

अबू सालेमांनी खजुरांची ताटली त्याच्यापुढं सरकवली. मग म्हणाले, "तो आता-जाता रहो. मेहमान बनके आओ." त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं. सुहासनं मान हलवली, पण 'मेहमान' शब्दावर त्याचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं.

गाडीत बसल्यावर मैत्रेयी म्हणाली, "बाबा, जस्ट पिक वन. एनी वन. आय हॅव थ्री वीक्स."

पुढं काय झालं ते आता सांगतानाही मला संताप येतो. भर मोसमात सगळी पार्कं भरली होती. रिसॉर्ट भरलं होतं, वाळवंट भरलं होतं. जागा शिल्लक होती ती फक्त पहिल्या पार्कात, या, क्रेनच्या आवाजाच्या. फोनवर तीच फिलिपिनो मुलगी होती. खानसाहेबांच्या फुलांच्या पडद्यांचा कॅरव्हान घेऊन आम्ही इथं आलो. दीड महिना फिरून पहिल्याच दारात. चेक-आउटची तारीख मी सांगितली. सुहास तेव्हा पाण्याचा पाइप जोडत होता.

तो हिवाळा म्हणून आता जो आठवतो, तो मिठाचा आठवतो. टॉवेलवर मीठ, चष्म्यावर मीठ, पापड तळायच्या आधीच मऊ. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतलं अमिराती कुटुंब धावत बाहेर आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलं शिट्ट्या मोजायला येऊन बसू लागली. त्यांच्याकडून गव्हाचं हरीस यायचं, माझ्याकडून साबुदाण्याची खिचडी जायची. वरच्या फळीवर मैत्रेयी झोपायची आणि तिचे पाय बाहेर यायचे, अगदी मला दिसले होते तसे. सकाळी सुहास ते पाय हलवून तिला उठवायचा. ती म्हणायची, "फाइव्ह मोअर मिनिट्स, बाबा," घरी म्हणायची तशी. दिवा मात्र टिकत नसे. बाहेर ठेवला की वारा पहिल्या फुंकरीत घेऊन जायचा. पायरीवर ठेवून बघितला, चाकामागे ठेवून बघितला. शेवटी मी दोन्ही हातांचा आडोसा धरून बसायचे, जेवढा वेळ तेवत राहील तेवढा. सुहास म्हणायचा, "हे पार्क निवडताना वाऱ्याचा मुद्दा राहून गेला." दिवा सांभाळायचा की भांडायचं, एकाच वेळी दोन्ही जमत नाही.

मार्चमध्ये आम्ही पुण्याला गेलो. पुण्याबद्दल तक्रार नाही. सुहासनं जलशुद्धीकरण यंत्रासाठी तीन कोटेशनं मागवली, भाजीवाल्या तीन लावल्या. पण नोव्हेंबर आला की तो कारण नसताना पंखा बंद करून बसायचा आणि काहीतरी ऐकू येतंय का बघायचा. मैत्रेयीचं शिकून झालं आणि पहिली नोकरी तिनं धरली ती अल क्वोजच्या एका डिझाइन स्टुडिओत. राहायला मात्र तिथं नाही, जवळपासही नाही. रोज जायला-यायला अर्धा दिवस घालवते आणि राहते खलिफा सिटीत, एका पोर्शनमध्ये, एका खोलीत. मी फोनवर किती बोलले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एवढा प्रवास कशासाठी?" ती म्हणाली, "बिकॉज इट्स होम, आई. व्हेअर एल्स?" यावर बापानं मान डोलावली. दोघांची खोड एकच.

या हिवाळ्याला तिनं आम्हाला बोलावलं. तीन पार्कांचे दुवे पाठवले आणि खाली लिहिलं, "बाबा, थ्री कोटेशन्स. बट आय हॅव बुक्ड द फर्स्ट वन." मला लेकीचा अभिमान वाटला.

परवा आम्ही इथं पोचलो. स्वागतकक्षात आता दुसरी मुलगी आहे, पण प्रश्न तोच. "चेक-आउट डेट, सर?" आणि सुहासनं ती सांगितली. पटकन, स्पष्ट, वार आणि महिन्यासकट, विमानाच्या वेळेसकट. तिकीट परतीचं, व्हिसा पाहुण्याचा, लपवायचं काय होतं. मुलीनं लिहून घेतली. मैत्रेयी पाठ करून समुद्राकडे बघू लागली. आणि ज्या तारखेसाठी मी दोन वर्षांपूर्वी त्याचा जीव खाल्ला होता, ती त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालेली ऐकून मला अतिशय वाईट वाटलं. इथं राहणाऱ्याला ती सांगता येत नव्हती. पाहुण्याला सांगता आली.

ऊन आता पाठीशी डोंगरांच्या मागे गेलं आहे. मघाशी फोन वाजला. सुहास होता, मागे वाऱ्याचा आवाज आणि मैत्रेयीचं, "बाबा, यल्ला, उशीर होतोय."

"अगं, हे पार्क बरं आहे," तो म्हणाला. "डोंगराच्या आड आहे. पाणी गोड आहे. थोडं लांब पडतं, पण..."

"सुहास, आपण पैसे भरून इथं राहतोय. सामान लागलंय. मी खुर्चीत बसलेय. आता तुला पार्क कशाला हवंय?"

"यंदासाठी नाही गं," तो म्हणाला. "पुढच्या हिवाळ्याचं बघतोय. अजून एक आहे इथून पुढं, ते बघितलं की तीन होतील."

मी बरंच काही बोलणार होते. दोन वर्षांचं साठलेलं होतं, त्यातलं निम्मं तरी बाहेर यायला हवं होतं. पण तेवढ्यात गावाच्या बाजूनं बांग सुरू झाली, आणि माझ्या हाताशी निरांजन होतं, आणि वारा होताच. मी एवढंच म्हटलं, "तिथं दिवा लावू देतात का, ते विचार आधी."

तो म्हणाला, "पहिलं तेच विचारलं."